तिचं घड्याळ चालू ठेवताना

बायको मंगळवारी सकाळी गेली. नर्सनं तिच्या मनगटावरचं घड्याळ काढून माझ्याकडे दिलं. मी ते माझ्या मनगटावर बांधलं आणि कागदावर सही केली.

घड्याळाबद्दल आधी सांगायला हवं, कारण पुढे जे झालं ते त्याच्या रचनेमुळे झालं. माझ्या स्वभावामुळेही झालं, पण तो विषय तसा छोटा आहे. मी कॉलेजात इतिहास शिकवला, निवृत्त झालो आणि खुर्चीत बसलो. बायको शाळेत पी.टी. टीचर होती. तिनं उभं आयुष्य शिट्टी आणि स्टॉपवॉच गळ्यात अडकवून काढलं. ती निवृत्त झाल्यावर शाळेनं शाल दिली, ती तिनं मला दिली, आणि स्वतःसाठी घड्याळ घ्यायला आम्हाला इथल्या, रायपूरच्या शंकर नगरातल्या दुकानात नेलं. आम्हाला म्हणजे मला आणि तिच्या धाकट्या भावाला. माझा हा मेहुणा उरल्याच्या कारखान्यांच्या भागातल्या एका रोलिंग मिलमध्ये सुपरवायझर आहे. मशीनच्या आवाजात आयुष्य गेल्यामुळे तो घरातही पलीकडच्या शेडमधल्या माणसाशी बोलतोय असा बोलतो.

तिला कसलं घड्याळ हवं होतं हे ठरलेलं होतं. ती मुलगी असताना नागपूरला धावायची. तिच्या कोचच्या हातात एक क्रोनोग्राफ होता, म्हणजे वेळ दाखवणारं आणि वेळ मोजणारं असं दुहेरी घड्याळ. कोच शेवटच्या रेषेवर अंगठा बटणावर ठेवून उभा असायचा. ती म्हणायची, मी रेषेकडे कधी धावलेच नाही, त्या अंगठ्याकडे धावले. दुकानात काचेखाली तसंच घड्याळ निघालं. फक्त हे कोरं होतं.

"विंटेज लुक है मैडम," दुकानदार म्हणाला.

"म्हणजे नवं हाय का जुनं?" मेहुण्यानं विचारलं.

"नया है सर. दिखता पुराना है."

"मंग ताई, हे काहून घेऊन राहिली? जुनं दिसणारं तर तुह्या घरी आधीच हाय." असं म्हणून त्यानं माझ्याकडे बघितलं. दुकानदारानंही बघितलं, आणि त्याला पटलेलं दिसलं.

मी मात्र काचेवर वाकलो होतो. तबकडी सायीच्या रंगाची होती, तीही ताज्या नाही, कालच्या सायीच्या. तिच्यात डावीउजवीकडे दोन काळी वर्तुळं. अंक आमच्या लहानपणच्या अंकलिपीतल्यासारखे, थोडे पोट सुटलेले. काट्यांवरचं रेडियम मुद्दाम पिवळट केलेलं, जणू त्यानं बरेच उन्हाळे काढलेत. काच घुमटासारखी फुगीर, त्यामुळे बाजूनं बघितलं की कडेच्या मिनिटांच्या रेघा वाकून आत शिरल्यासारख्या दिसायच्या. उजव्या अंगाला किल्ली, आणि तिच्या वरखाली अळंबीसारखी दोन बटणं. पट्ट्याचं चामडंसुद्धा कडेला घासून काढलेलं. पुस्तकांच्या बाबतीत मला असला प्रकार चालत नाही. नव्या पुस्तकाची पानं कोणी चहात बुडवून पिवळी करून दिली तर मी ते हातात धरणार नाही. पण त्या घड्याळाला नावं ठेवायला मला काही सापडेना. जुन्याची नक्कल होती, पण करणाऱ्यानं जुनं नीट बघितलं होतं.

घरी आल्यावर मी त्याचं माहितीपत्रक पूर्ण वाचलं. तिनं वाचलं नाही. तिला ते आधीच येत होतं. डावीकडच्या छोट्या वर्तुळात सेकंदाचा काटा सतत फिरतो. मधला लांब काटा बारावर उभा असतो, तो वेळ मोजण्यापुरता. वरचं बटण दाबलं की निघतो. उजवीकडचं वर्तुळ त्याची मिनिटं मोजतं, तीसपर्यंत, मग पुन्हा शून्यापासून. तारखेची खिडकी नाही. मागचं झाकण काचेचं, त्यातून करंजीच्या आकाराचं एक धातूचं वजन दिसतं. हात हलला की ती करंजी गरगर फिरते आणि आतली स्प्रिंग गुंडाळते. सेल नाही. दोन दिवस पडून राहिलं तर बंद.

तिच्या हातावर ते बंद पडण्याचा प्रश्नच नव्हता. ती हातांनी बोलायची. जेवताना मीठ मागितलं तरी सातवी 'ब'ची अख्खी रांग थांबवल्यासारखा हात वर जायचा.

आणि ती सगळं मोजायची. माझी आंघोळ मोजायची. "येतोच" म्हटल्यापासून मी खुर्चीतून उठेपर्यंतचा वेळ मोजायची. पण तिचा खास आवडीचा प्रकार म्हणजे पाहुण्यांचा निरोप. पाहुणा पहिल्यांदा "चला, निघतो आता" म्हणाला की पदराखाली टक असा आवाज व्हायचा, आणि फाटकाची कडी वाजली की दुसरा टक. मग ती आत येऊन मला निकाल सांगायची. आमच्या मराठी मंडळातली माणसं सरासरी पंधरा मिनिटं दारात उभी राहतात असं तिचं मत होतं. मेहुण्याचा विक्रम वेगळाच होता. एकदा त्यानं चपला घातल्यावर नागपूरच्या रस्त्यांचा विषय काढला. तो संपला तेव्हा त्यानंच उत्साहानं घड्याळ बघितलं. "पाहा ताई, आठच मिनिटं! उगाच बदनाम करते मले." मिनिटांचा काटा तीसची एक पूर्ण फेरी मारून पुन्हा आठवर आला होता. तिनं त्याला ते सांगितलं नाही. तो गेल्यावर आम्ही दोघं दाराला टेकून हसलो.

आता दहाव्या दिवसाचं.

खारून नदीच्या घाटावर आम्ही चौघं होतो: गुरुजी, मेहुणा, माझी मुलगी आणि मी. मुलगी तेलीबांध्याला फ्लॅट घेऊन राहते, नवा रायपूरला नोकरी करते. मराठी तिला सगळं समजतं आणि उत्तर ती हिंदीत देते. पिंड मांडून झाले. आम्ही मागे सरलो आणि कावळ्याची वाट बघू लागलो.

रायपुरात कावळे आहेत. पण ते आपल्या सवडीनं असतात. बऱ्याच वेळानं एक आला, विजेच्या तारेवर बसला आणि नदीकडे तोंड करून राहिला. गुरुजींनी मोबाईल बघितला. त्यांना पुढे आणखी एका घरी जायचं होतं.

"काहीतरी इच्छा राहिली असेल," गुरुजी म्हणाले. "घरच्यांनी शब्द द्यावा."

मेहुण्यानं ताबडतोब पुढे होऊन हात जोडले. "ताई! पोट्टीच्या लग्नाची काळजी करू नको! मी हाय ना! मी करून देतो!" घाटाच्या पलीकडे कपडे धुणाऱ्या बाया वळून बघू लागल्या.

"मामा, प्लीज," मुलगी म्हणाली.

"तू चूप राह्य. मी तुह्याशी नाही, तुह्या मायशी बोलून राहिलो."

कावळा पंखात चोच घालून खाजवत होता.

"देखा? मम्मी भी मना कर रही है."

"भाऊजींच्या बीपीच्या गोळ्या मी रोज फोन करून विचारीन!" मेहुणा ओरडला. कावळा तारेवर दोन पावलं पलीकडे सरकला. "छतावरच्या कुंड्यांले पाणी देऊ! तुह्या शाळेतल्या पोरींले सांगू, मैदान झाडत जा म्हणून!" कावळा उडाला आणि पुढच्या खांबावर जाऊन बसला.

"मोघम नको," गुरुजी म्हणाले. "नेमकं बोला. नाहीतर दर्भाचा कावळा करून त्याला शिववू. शास्त्रात सोय आहे."

"घासफूसचा कावळा? माह्या ताईले?" मेहुण्याला ते इतकं लागलं की गुरुजींनी काढलेला दर्भ परत पिशवीत ठेवला.

मी या गोष्टी मानत नाही, आणि ज्या मानत नाही त्या मोठ्यानं बोलायचीही मला सवय नाही. मी हात बांधून उभा होतो. मेहुण्याची नजर माझ्या मनगटावर गेली.

"घड्याळ!" तो म्हणाला. मग वर बघून, मिलमधला सगळा आवाज काढून: "ताई! तुहं घड्याळ भाऊजी कधीच बंद पडू देणार नाहीत! शब्द! भाऊजींचा शब्द!"

कावळा खांबावरून उतरला, पिंडाजवळ टुणकन आला, भात उचलला आणि गेला.

"शिवला!" असं म्हणत गुरुजींनी पिशवी आवरायला घेतलीसुद्धा.

मेहुणा डोळे पुसत माझ्याकडे आला. "भाऊजी, पाहिलं ना? आता तुमच्यावर हाय."

माझ्या वतीनं दिलेला तो शब्द मी मोडून काढू शकलो असतो. कावळ्याला भूक लागली होती, एवढं म्हणायला इतिहासाची पदवी लागत नाही. पण घरी येऊन मी घड्याळाकडे बघत बसलो, आणि एक गोष्ट लक्षात आली. तारखेची खिडकी नसल्यामुळे महिनाअखेरीस किल्ली ओढायचं कारण येत नाही. तिनं शेवटची वेळ लावली होती ती फार पूर्वी, एका रविवारी, रेडिओच्या ठोक्याबरोबर. तेव्हापासून ते काटे न थांबता चालत आले होते. म्हणजे ते जिथे होते तिथे तिनं सोडले होते म्हणून होते. घड्याळ बंद पडलं तर पुढची वेळ मला लावावी लागेल. ती मला लावायची नव्हती. कावळ्याचं काय असेल ते असो.

अडचण एवढीच होती की घड्याळ हात हलवणाऱ्या माणसासाठी बनवलेलं होतं आणि आता ते रायपुरातल्या सर्वांत स्थिर मनगटावर होतं.

तेरावा झाला, माणसं पांगली, मुलगी माझ्याकडे राहायला आली. मेहुणा रोज मिलमधून सुटला की माझ्याकडे यायचा. पहिल्याच संध्याकाळी तो दारातून ओरडला, "भाऊजी! काटा थांबला!" आणि माझा हात पकडून, थर्मामीटर झटकावं तसा तीनचारदा झटकला. मला वाटलं खांदा गेला.

"तो काटा थांबलेलाच असतो," मी म्हणालो. "सेकंद तिकडे, डावीकडे बघ."

त्यानं चष्मा वर करून बघितलं. बारीक काटा आपल्या वर्तुळात मुकाट फिरत होता. "हा? एवढासा? अन् हा मोठा मंग काय शोभेले?"

"मोजायचं असेल तेव्हा चालतो."

"तर चालू ठेवा ना. दुरून दिसते तरी, चालू हाय म्हणून. कोणी पाहिलं तर काय म्हणन?"

मुलीनं मोबाईलवर शोधून सांगितलं की मोठा काटा सतत चालू ठेवला तर स्प्रिंग लवकर संपते. मग तिनं दुसरा उपाय सांगितला, जो माहितीपत्रकातही होता. "बाबा, चाबी से भी भर सकते हो. रोज़ सुबह घुमा दो, बस."

हा उपाय सरळ होता. मला मान्य होता. पण मेहुणा खाटेवरून उठून उभा राहिला. "चाबी? म्हणजे सलाईन! ताईनं कधी दिली का चाबी? हातानं चालत होतं ना? मंग हातानंच चाललं पाहिजे. नाहीतर त्याले काय अर्थ हाय, ठेवा अतिदक्षता विभागात."

मी त्याच्याशी सहमत आहे हे कळून आम्हा दोघांनाही आश्चर्य वाटलं.

आमच्या बैठकीत बंगई आहे, पितळी कड्यांचा लाकडी झोपाळा. बहुतेक विदर्भाकडच्या घरांत असते तशी. मेहुण्यानं डोकं चालवलं: घड्याळ बंगईच्या कडीला बांधायचं आणि भेटीला येणाऱ्यांना बंगईवर बसवायचं. माझ्या बाजूनं यात सोय होती, कारण मला उठावं लागत नव्हतं. त्याच दिवशी माझे जुने विभागप्रमुख आले. हे गृहस्थ फार गंभीर. त्यांनी वर्गात कधी विनोद केला नाही आणि झालेला ओळखलाही नाही. मेहुण्यानं त्यांना मानानं बंगईवर बसवलं.

"जीवन हे असं आहे," सरांनी सुरुवात केली आणि पाय जमिनीला टेकवले.

"सर, पाय नका टेकवू," मेहुणा म्हणाला आणि मागून हलकेच लोटलं.

सर पुढे गेले. "असं आहे की," ते जाताना म्हणाले, आणि परत येताना, "आपण ज्याला आपलं म्हणतो..." पुन्हा गेले. तत्त्वज्ञान मला अर्धं जवळून आणि अर्धं लांबून ऐकू येत होतं. ते थांबायला आले की मेहुणा लोटायचा. शेवटी सरांनी कडी घट्ट धरली. "हा काही विधी आहे का?"

"हाव सर. आमच्याकडे असते," मेहुणा म्हणाला.

"अस्सं," सर म्हणाले, आणि उरलेला वेळ त्यांनी डोळे मिटून झोके घेतले. निघताना माझा हात हातात धरून ते म्हणाले, या प्रथेवर कोणीतरी लिहायला हवं. स्वयंपाकघरातून भांडं पडल्याचा आवाज आला. आत गेलो तर मुलगी ओट्याला धरून, तोंडात ओढणीचा बोळा कोंबून हसत होती. आई गेल्यानंतर मी तिला हसताना पहिल्यांदा बघितलं, म्हणून मीही तिथेच उभा राहिलो.

बंगईचा उपयोग मात्र झाला नाही. मागच्या काचेतून बघितलं तर करंजी जेमतेम डुलत होती. झोक्याबरोबर घड्याळही सबंध झुलतं, मनगटासारखं वळत नाही. मुलगी म्हणाली, "बाबा, इसको हाथ चाहिए. आप काम किया करो ना घर का."

मग मी काम करू लागलो. आधी ताक. रवी दोन्ही हातांत धरून फिरवली की करंजी कशी वेड्यासारखी फिरायची! मी सकाळी घुसळायचो, संध्याकाळी घुसळायचो. कढी, मठ्ठा, नुसतं ताक, पुन्हा कढी. शेवटी मुलगी म्हणाली, "बाबा, अब बस. मीटिंग में डकार आती है." मग मी पुस्तकं झटकायला घेतली. आमच्याकडे चार भिंतींना पुस्तकं आहेत, आणि उरल्याकडून वारा आला की त्यांच्यावर काळी बारीक धूळ बसते. एकेक काढायचं, दोन पुस्तकं एकमेकांवर आपटायची, फडकं फिरवायचं, ठेवायचं. एक भिंत झाली की दुसरी. चौथी होईपर्यंत पहिलीवर धूळ तयार. मेहुण्यानं बघितलं आणि छाती फुगवली. "शेवटी आमच्या मिलची धूळच कामी आली का नाही?"

ती पुस्तकं मी नुसती झटकत होतो. वाचत नव्हतो. हे कोणाला सांगितलं नव्हतं. ती गेल्यापासून मी पुस्तक उघडायचो, पहिली ओळ वाचायचो, दुसरीवर यायचो आणि पहिली गेलेली असायची. पुन्हा पहिली. एका पानावर संध्याकाळ जायची. लहानपणापासून मला दुसरं काही नीट आलेलं नाही, त्यामुळे हे लोकांत बोलायची लाज वाटायची. झटकताना निदान पुस्तकं हातात तरी असायची.

संध्याकाळी तेलीबांध्याच्या तलावाभोवती चालायला जाऊ लागलो. नुसत्या चालण्यानं माझा हात फारसा हलत नाही, हे मुलीनं मागून बघून सांगितलं. "आप तो ऐसे चलते हो जैसे कोई फोटो ले रहा है." म्हणून मी डावा हात मुद्दाम जोरात पुढेमागे फेकू लागलो आणि मधूनमधून मनगट गोल फिरवू लागलो. उजवा हात तसाच शांत. बाकावर बसणाऱ्या निवृत्त मंडळींनी काही दिवस हे सहन केलं. मग एकानं अडवलं.

"भैया, ये कौन-सा एक्सरसाइज है?"

खरं सांगायचं तर कावळ्यापासून सुरुवात करावी लागली असती. "कंधे के लिए," मी म्हणालो.

"खाली बाएँ कंधे के लिए?"

"हाँ."

पुढच्या आठवड्यात सबंध गट डावे हात फेकत तलावाला फेऱ्या घालत होता. दुरून बघणाऱ्याला वाटावं, माणसं डावीकडच्या कुणाला तरी हाकलत चालली आहेत. त्यांच्यातल्या एका काकांनी मला थांबवून सांगितलं की त्यांचा आखडलेला खांदा मोकळा झाला. मी त्यांचं अभिनंदन केलं. यापुढे खरं सांगायची वेळ निघून गेली होती.

असं करत घड्याळ चालत राहिलं. रोज काही सेकंद पुढे पळायची त्याची खोड होती, आणि मी किल्लीला हात लावत नसल्यामुळे ती साठत गेली. मी सगळीकडे लवकर पोहोचू लागलो. मंडळाच्या कार्यक्रमाला मी सतरंज्या घालायच्या आधी हजर. मेहुण्याला त्यात बहिणीचा हात दिसला. "जिवंत असताना तिले जमलं नाही ते आता करून राहिली."

मग दिवाळीनंतर एका शनिवारी मेहुणा लग्नासाठी नागपूरला गेला. मुलगी ऑफिसच्या कामानं बाहेरगावी. मी सकाळी दुसरी भिंत झटकायला घेतली. वरच्या फळीवरून नद्यांच्या उगमांवरचं एक जाड पुस्तक काढलं, कधीतरी घेऊन न वाचता ठेवलेलं. शेजारच्या पुस्तकावर आपटलं तर ते मधोमध उघडलं. धूळ पुसताना एक ओळ वाचली. मग तिच्या पुढची. पुढचीवर आलो तेव्हा पहिली जागेवर होती. मी फडकं खांद्यावर टाकलं आणि स्टुलावरच बसलो.

स्टुलावरून कधीतरी खुर्चीत गेलो. चिवडा खाल्ला, बहुतेक. रविवारी दूधवाल्यानं बेल वाजवली तेव्हा दार उघडायला गेलो आणि पुस्तकात बोट घालून गेलो. त्या पुस्तकात एक माणूस एका छोट्या नदीचा उगम शोधत वर वर जातो, आणि गावागावात प्रत्येक जण तो दुसरीकडेच आहे असं सांगतो. मी मोठ्यानं हसलो. घरात कोणी नव्हतं, आणि मला ते हसल्यानंतर कळलं.

सोमवारी शेवटचं पान झालं. मी पुस्तक मिटलं, सवयीनं मनगट वळवलं. डावीकडच्या वर्तुळातला बारीक काटा उभा होता.

घड्याळ हातावरच होतं. हात हललाच नव्हता.

संध्याकाळी मेहुणा नागपूरहून थेट माझ्याकडे आला, हातात संत्रा बर्फीचा डबा. जिन्यातूनच लग्नाची नालस्ती सुरू होती: भाजी खारट, बँडवाले झोपलेले, व्याही उर्मट. मी त्याला बसवलं आणि म्हणालो, "बंद पडलं."

त्याला लगेच कळलं. माझा हात धरून त्यानं घड्याळ डोळ्यांजवळ नेलं. या वेळी मोठ्या काट्याकडे नाही, बरोबर छोट्याकडे बघितलं.

"कधी?"

"माहीत नाही. वाचत होतो."

"वाचत होते?"

"हो."

"म्हणजे... वाचत होते? पानं उलटवून?"

"सगळं वाचलं. शनिवारपासून."

म्हणजे त्याला माहीत होतं. रोज संध्याकाळी येऊन तो मोठमोठ्यानं बोलत बसायचा, आणि माझ्या मांडीवरचं पान तेच आहे हे बघत असायचा. आता मात्र तो इतक्या हळू बोलला की मिल बंद पडल्यासारखं वाटलं.

"काय होतं पुस्तकात?" त्यानं विचारलं.

"नद्या."

"चांगलं होतं?"

"हो."

त्यानं रुमाल काढून नाक पुसलं. "एवढं जाड पुस्तक! पानंबी उलटवलीत अन् ते बंद पडलं! भाऊजी, पानं उलटवाले तरी हात लागते का नाही तुम्हाले?"

"उजव्या हातानं उलटवतो," मी म्हणालो. "घड्याळ डाव्यात."

तो आधी हसला, मग रडला, मग दोन्ही एकदम करायला लागला, आणि मी त्याला पाणी आणून दिलं. पाणी पिऊन झाल्यावर तो म्हणाला, "अन् त्या शब्दाचं काय?"

"मोडला."

"मीच दिला होता, तुम्हाले न विचारता." त्यानं डबा उघडला, एक बर्फी मला दिली, एक स्वतः घेतली. "ताईले वाचणारा माणूस पाहिजे होता का हात हलवणारा? वाचणाराच केला ना तिनं. आम्ही सगळे सांगून राहिलो होतो, नको करू म्हणून." मग बर्फीचा घास गिळून, नेहमीच्या आवाजात: "लावा वेळ! बसले काय?"

"किती वाजले?"

त्यानं मोबाईल बघून सांगितलं. मी नखानं किल्ली बाहेर ओढली. जरा जोर लागला. मग काटे सहज फिरले, मला वाटलं होतं त्यापेक्षा सहज. किल्ली आत दाबली, मनगट हलवलं, काचेखालून करंजी फिरल्याचा बारीक आवाज आला आणि छोटा काटा चालू लागला. मुलीला फोन करून सांगितलं. तिनं घड्याळाचं काही विचारलं नाही. "कौन-सी किताब?" एवढं विचारलं, आणि परत आल्यावर ते पुस्तक तिला द्यायला सांगितलं. ती मराठी पुस्तकं वाचत नाही. तरी नेलं.

बायको गेली त्याला आता वर्ष होत आलं. घड्याळ माझ्या हातावर असतं. घरातलं काम केलं की चालतं, वाचत बसलो की आठवड्यातून एकदा तरी थांबतं. थांबलं की मी मोबाईलवर वेळ बघतो आणि ते लावतो.